एका यादीच्या अनेक प्रती

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. इरशाळगडाच्या उतारावरची ही ठाकर आदिवासींची वस्ती. वर जायला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मदतीची माणसे पायवाटेने चढून गेली आणि जड यंत्रे खालीच राहिली. २३ जुलैला शोधकार्य थांबले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

मधल्या चार दिवसांत बेपत्तांचा आकडा अनेकदा बदलला. त्यात नवल नाही. त्या रात्री कोणी बाहेरगावी होते, काही मुले आश्रमशाळेत होती. वर ढिगाऱ्यापाशी एक माहिती, खाली पायथ्याशी दुसरी, रुग्णालयात तिसरी. अशा वेळी ‘कोण सापडले, कोण नाही’ ही यादी म्हणजे नुसता कागद नसतो. कुठे खणायचे आणि कधी थांबायचे, हे तिच्यावर ठरते.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. मग सगळ्यांनी मिळून एकच यादी ठेवणे इतके अवघड का असावे? या प्रश्नाला सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो पाहण्याआधी आपल्या अनुभवातले एक उदाहरण घेऊ.

शिक्षकांच्या मोबाइल गटावर संदेश येतो : ‘यादी कॉपी करून खाली आपले नाव जोडा.’ सातवे नाव लिहून झाल्यावर दोघेजण एकाच वेळी यादी उचलतात. दोघेही आपापले नाव आठव्या क्रमांकावर लिहून पाठवतात. आता दोन याद्या झाल्या. तिसऱ्याने त्यांतली एक उचलली की दुसरीतले आठवे नाव गळाले! कोणी चूक केलेली नाही, कोणी खोडलेलेही नाही. तरी नाव गेले. सहलीच्या यादीत हे चालून जाते, दरडीखालच्या माणसांच्या यादीत चालत नाही.

यावर जुना उपाय म्हणजे वही एकाच्याच हाती ठेवायची आणि इतरांनी थांबायचे. बँका आणि रेल्वे आरक्षणाचे संगणक बराच काळ असेच चालले. पण त्यासाठी वहीवाल्याशी संपर्क अखंड हवा. कर्जतहून लोणावळ्याकडे गाडी निघाली की बोगद्यात फोन कसा तुटतो, हे आपण जाणतोच. सह्याद्रीच्या घळीत, पावसाळी रात्री, संपर्क असेलच असे धरून चालता येत नाही.

मग ‘जी नोंद शेवटची ती खरी’ असे म्हणावे का? इथे दुसरी अडचण येते. दोन फोनची घड्याळे तंतोतंत जुळतील याची खात्री नसते. लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये सुचवले, की घड्याळ बाजूला ठेवून क्रमांक वापरावेत. प्रत्येक यंत्राने आपल्या प्रत्येक घटनेला चढता क्रमांक द्यावा आणि संदेशासोबत तो पाठवावा. संदेश मिळणाऱ्याने आपला आणि आलेला यांतला मोठा क्रमांक घेऊन पुढे मोजावे. मग उत्तराचा क्रमांक प्रश्नाच्या क्रमांकाहून नेहमी मोठाच येतो. मात्र एकमेकांची खबर नसताना घडलेल्या दोन घटनांत खरोखर आधीची कोणती, हे या क्रमांकांवरून कळत नाही. यंत्रांच्या या मर्यादेची स्पष्ट जाणीव हेच त्या लेखाचे मोठेपण.

पुढची पायरी कार्नेगी मेलन विद्यापीठात पडली. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले महादेव सत्यनारायणन आणि त्यांचे सहकारी जेम्स किस्टलर यांनी १९९१ मध्ये ‘कोडा’ या प्रणालीविषयी लिहिले. संपर्क तुटणे हा अपवाद न मानता नेहमीची गोष्ट मानावी, अशी तिची धारणा होती. लागणाऱ्या धारिका आधीच जवळ घ्यायच्या, तुटलेल्या अवस्थेत काम करत राहायचे आणि संपर्क आला की बदल कळवायचे.

पण दोघांनी एकाच गोष्टीत वेगवेगळे बदल केले तर? यावर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात ‘बायू’ नावाची प्रणाली घडली. १९९५ मध्ये तिच्या रचनाकारांनी सभेची खोली राखून ठेवण्याचे उदाहरण दिले. दोघांनी एकच वेळ मागितली तर काय करायचे, ही सूचना प्रत्येक नोंदीसोबतच लिहिलेली असे. शिवाय नोंद ‘तात्पुरती’ आहे की ‘पक्की’, हे वापरणाऱ्याला दिसे. ‘हे अजून पक्के नाही’ असे यंत्राने प्रामाणिकपणे सांगणे, हा धडा आजही मोलाचा आहे.

याच प्रश्नाला आपत्तींनी वेगळे वळण दिले. २००४ च्या डिसेंबरमधील त्सुनामीनंतर श्रीलंकेतील स्वयंसेवकांनी ‘सहना’ ही मदतकार्याची आज्ञावली लिहिली. सिंहली भाषेत या शब्दाचा अर्थ दिलासा. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळ आले, तेव्हा हरवलेल्यांच्या अनेक याद्या इंटरनेटवर निघाल्या आणि त्या एकमेकींशी जुळेनात. त्यातून नोंदींचा एक सामाईक नमुना ठरवला गेला. २०१० च्या हैती भूकंपात गुगलने हरवलेल्यांच्या शोधासाठी तोच वापरला. त्याची रचना साधी आहे. एक नोंद माणसाची. तिच्याखाली ‘अमुक ठिकाणी पाहिला’, ‘रुग्णालयात आहे’ अशा टिपा, आणि प्रत्येक टीप कोणी, कधी दिली याची खूण. नवी टीप जुनीला पुसत नाही, ती खाली जोडली जाते.

पुसण्याऐवजी जोडणे का उपयोगी पडते, याचे गणिती उत्तर आपल्या शाळेतल्या संचांच्या धड्यात आहे. दोन संचांचा संयोग क्रमनिरपेक्ष असतो आणि साहचर्याचा नियम पाळतो. शिवाय एखाद्या संचाचा स्वतःशीच संयोग केला तर तोच संच मिळतो. म्हणून नोंदी उलटसुलट क्रमाने आल्या, वेगवेगळ्या वाटांनी आल्या किंवा दोनदा आल्या, तरी सगळ्या पोचल्यावर प्रत्येक फोनवर एकच यादी तयार होते. मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या गुणधर्मांवर आधारलेल्या माहितीरचनांचा शिस्तबद्ध सिद्धान्त मांडला.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. कागदोपत्री एक नाव आणि वाडीत हाक मारायचे दुसरे, असे आपल्याकडे सर्रास असते. संयोग घेणारे यंत्र अशा एका माणसाची दोन माणसे करील. एका टिपेत ‘सुखरूप’ आणि दुसरीत ‘बेपत्ता’ असेल, तर यंत्राने दोन्ही दाखवावीत. निवाडा करू नये. तो त्या माणसाला ओळखणाऱ्याने करायचा. चांगली आज्ञावली मतभेद झाकत नाही, तो योग्य माणसासमोर आणते, असे आम्हाला वाटते.

हे वर्गात करून पाहता येईल. समजा, कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांना सहल गेली आहे आणि वाटेत मुले पांगली आहेत. तीन गट करा. प्रत्येक गटाला काही मुले ‘दिसल्याच्या’ चिठ्ठ्या द्या. काही चिठ्ठ्या दोन गटांना मिळाव्यात, एका मुलाचे टोपणनाव वापरावे, एक चिठ्ठी दुसरीच्या विरुद्ध असावी. प्रथम ‘शेवटचा लिहील ते खरे’ या नियमाने एक यादी करा. मग काहीही न खोडता, नोंद कोणाची हे लिहून, तीन याद्या एकत्र करा. पहिल्या रीतीत कोणते मूल यादीतून गळाले, ते मुलांनाच शोधू द्या.

गळालेले ते नाव सापडले, की हे सगळे कशासाठी हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही. इरशाळवाडीच्या यादीतले प्रत्येक नाव कोणाच्या तरी घरचे होते.