काळाच्या औषधाला गुण किती?

बुलढाणा जिल्ह्यात मयताच्या घरी भेटायला गेलेल्या माणसाच्या कानावर एक वाक्य हमखास पडते: 'काळ हेच औषध.' त्याच घरातली बाई काही वर्षांनी पंचेचाळिशीला टेकली, रात्री घामाने भिजून उठू लागली, की दुसरे वाक्य येते: 'पाळी गेली म्हणजे सुटली बाई एकदाची.' दोन्ही वाक्यांचे मूळ एकच. दुःख असो की अंगातला बदल, आपोआप येतो आणि आपोआप जातो, मध्ये कोणी हात घालायचे कारण नाही. समुपदेशन वगैरे शहरी थेरं आहेत, खेड्यात माणसाला माणूस पुरतो, असे या पक्षाचे म्हणणे. ते सुशिक्षितांतही मानले जाते, किंबहुना त्यांच्यातच जास्त आवडीने.

पूर्वपक्षाला त्याचे बळ आधी दिले पाहिजे. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्या चार घरांतून भाकरी-पिठले येते. बाया येऊन गळ्यात पडतात, हेल काढून रडतात, गेलेल्याचे गुण-दोष बोलून मोकळे करतात. रात्री भजन बसते. तेरवीला सोयरेधायरे जमतात. शहरातल्या बंद दाराआडच्या माणसाला यातले फारसे काही मिळत नाही. संशोधनही या पक्षाला बरेच अनुकूल आहे. नैसर्गिक मृत्यूनंतरच्या शोकावरील अभ्यासांचा २०१७ साली जो एकत्रित आढावा निघाला, त्यात दीर्घकाळ चिघळणारा शोक दहांतल्या साधारण एकालाच आढळला, बाकीचे सावरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणाने सहा महिन्यांपुढच्या तीव्र शोकाला विकार म्हटले, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी २०२२ साली ती मर्यादा मोठ्यांसाठी वर्षाची ठेवली. वर्षश्राद्धाच्या आत कोणाच्या रडण्याला आजाराचे नाव देण्याची घाई मलाही पटत नाही. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या ज्या 'पाच पायऱ्या' प्रत्येक समुपदेशन शिबिरात फळ्यावर लिहिल्या जातात, त्या १९६९ च्या त्यांच्या पुस्तकात मरणाऱ्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आल्या होत्या. मागे राहिलेल्यांवर त्या नंतर लादल्या गेल्या.

इतके मान्य करूनही पक्ष टिकत नाही.

त्याचा सर्वांत आवडता दाखला जिजाऊंचा. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लोटणाऱ्या गर्दीतला कोणीही सांगेल: बाप लखुजी जाधव १६२९ साली निजामशाही दरबारात मुलांसह मारला गेला, थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडला, १६६४ मध्ये शहाजीराजे गेले, त्या माउलीला कोणते समुपदेशन मिळाले होते? दाखला खरा आहे, फक्त तो उलट बाजूचा आहे. शहाजीराजे गेल्यावर जिजाऊ सती निघाल्या होत्या आणि शिवाजी महाराजांनी त्यांना विनवून थांबवले, असे बखरी सांगतात. म्हणजे काळाच्या हवाली त्यांना कोणी केले नाही, मुलगा आडवा आला. आणि त्याच्याही आधी, चाळिशीत, पुण्याच्या जहागिरीचा कारभार त्यांच्या हातात होता. ज्या बाईचे नाव कागदावर आहे, जिच्या शब्दाने निवाडा होतो, तिच्या दुःखाला टेकायला जागा असते. ज्या घरातली बाई दिराला विचारल्याशिवाय बाजाराला जाऊ शकत नाही, तिला जिजाऊंचे धैर्य शिकवणे हा निव्वळ कोडगेपणा आहे.

आता तेरवीकडे पाहू. हे विधी कोणासाठी असतात? पिंड गेलेल्यासाठी, सुतक भावकीसाठी. तेराव्या दिवशी भावकी सुतकातून बाहेर येते, कामाला लागते. बाईची स्थिती त्या दिवशी सुरू होते. बांगड्या फुटलेल्या असतात, कुंकू पुसलेले असते आणि गावातल्या प्रत्येक हळदीला, ओटीला, डोहाळजेवणाला तिचे मागे बसणे ठरून जाते. सुतक फिटते, वैधव्याला तेरवी नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि १७ मे रोजी ग्रामविकास विभागाने राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगणारे परिपत्रक काढले. हे काम काळ करणार होता तर ठरावाची गरज का पडली?

त्यातून मरण आत्महत्येचे असेल तर रिवाजाची भाषाच आटते. बुलढाणा हा पश्चिम विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये जे सहा जिल्हे आले, त्यांत तो होता. अशा घरात भेटायला आलेला माणूस गेलेल्याच्या आठवणी काढत नाही, कारण शोधतो. कर्ज किती होते, भांडण झाले होते का, बायको काही बोलली होती का. मग पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सात-बारा, बँकेची थकबाकी. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार एक लाखाची मदत मिळते, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते. नवऱ्याचे दुःख खरे होते हे सिद्ध करण्याचा भार बायकोवर येतो, तोही ती धड रडलेली नसताना. 'अपात्र' शेरा बसला तर मदत जाते ती जातेच, शिवाय गावाला वाटते की सरकारनेच सांगितले, याच्या मरणाचे कारण शेती नव्हती. उरलेले कारण कोण, ते गाव बोलून दाखवते.

इथे काळ काय करतो? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ पासून विधवेला पहिल्या वर्गाची वारस मानतो. महसूल अधिनियम सांगतो की हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावी. अनेक घरांत नेमके याच दिवसांत नव्या विधवेने उंबरा ओलांडू नये असा दंडक असतो. फेरफार रेंगाळतो, त्या हंगामात सोयाबीन दीर पेरतो, पुढच्या हंगामात तूरही तोच, आणि तिसऱ्या वर्षी 'वावर आमचंच व्हतं' असे बोलणे सुरू होते. महिला किसान अधिकार मंचाने (मकाम) २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ महिलांशी बोलून अहवाल काढला. त्यांपैकी सुमारे चाळीस टक्के महिलांच्या नावे शेतजमिनीचा हक्क तोवर आलेला नव्हता. पाठोपाठ १८ जून २०१९ रोजी महसूल विभागाने या महिलांना हक्क आणि योजना मिळवून देण्यासाठी निर्देश काढले. काळ औषध असता तर दिवस जातील तशी बाई सावरायला हवी होती. इथे दिवस जातील तसा दिराचा ताबा पक्का होतो.

दुसऱ्या वाक्याकडे, 'सुटली'कडे, आता वळता येईल, कारण ही तीच बाई आहे. भारतात पाळी कायमची थांबण्याचे सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस. त्याआधीची चार-पाच वर्षे अनियमित पाळीची, जादा रक्तस्रावाची, अंगातून वाफा निघण्याची. तिशी-चाळिशीत नवरा गेलेल्या बाईचा शोक आणि हा संधिकाळ एकमेकांवर येऊन पडतात. झोप न लागणे, छातीत धडधडणे, विसरणे, उगाच रडू कोसळणे, लेकरांवर खेकसणे, ही लक्षणे दोन्हीकडची. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या 'स्वॉन' या दीर्घ पाहणीत, एरवी धडधाकट असलेल्या बायकांतही या संधिकाळात नैराश्याचा धोका वाढलेला दिसला. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, 'टेन्शन'. महिनाभर अंगावरून जाते, रक्त कमी होते, जिना चढताना दम लागतो, आणि सासू म्हणते, नवऱ्याच्या दुःखाने खंगली. उलटही होते: शोकाने आतून कोसळलेल्या बाईला 'वयाचं असते असं' म्हणून परत पाठवले जाते. एका दुःखाच्या नावाखाली दुसरे लपते आणि दोन्ही बिनइलाजाची राहतात.

'सुटली' या शब्दाचा दुसरा अर्थ तर भयंकर आहे. पाळीचा त्रास नको म्हणून 'पिशवी काढून टाका' हा सल्ला ग्रामीण महाराष्ट्रात किती सहज दिला-घेतला जातो, ते २०१९ साली बीड जिल्ह्यात उघड झाले. तिथे तपासणी झालेल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही अशी शस्त्रक्रिया झालेल्या महिलांचे मध्यक वय चौतीस आले होते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर जो बदल सेहेचाळिशीत सावकाश यायचा, तो चौतिशीत एका दिवसात अंगावर येतो, आणि हाडे झिजण्याला बारा वर्षे आगाऊ मिळतात.

परंपरावादी इथे म्हणतील की आपल्या संस्कृतीत या वयाला मान आहे. विटाळाची अडचण संपते, बाई देवघरात मोकळेपणी वावरते, 'मोठी बाई' होते, लग्नात तिच्या हाताने हळद लागते. खरे आहे. मात्र हा मान सवाष्णीचा आहे. विधवेचा विटाळ संपला तरी तिच्या हाताने हळद लागत नाही. संस्कृतीने या वयासाठी जी भरपाई ठेवली, तिच्या वाटपाच्या यादीत हिचे नावच नाही.

राहिला श्रद्धेचा मुद्दा. पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा जिल्ह्याबाहेरही सर्वांना ठाऊक आहे. 'बाहेरचं' झाले म्हणून कितीतरी बायांना तिथे आणतात. मी त्याची टवाळी करणार नाही. भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९ साली महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर लिहिताना, मानसिक आघात सोसलेल्यांना अशा ठिकाणी काय मिळते याचा गंभीरपणे विचार केला होता. घरात जिला मोठ्याने बोलता येत नाही, ती तिथे केस सोडून ओरडू शकते. म्हणजे ओरडण्याची गरज आहे, हे सैलानीनेच सिद्ध केले. ती भागवायला बाईला आधी 'लागीर' व्हावे लागते, हा माझा आक्षेप. साखळदंड आणि मारहाण यांचे समर्थन तर कोणत्याच श्रद्धेने होत नाही.

आणि 'हे सगळे बाहेरून आलेले खूळ' म्हणणाऱ्यांनी बुलढाण्याचाच इतिहास उघडावा. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा बुलढाण्यातल्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. १८८२ साली ते पुण्यात छापले गेले. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून, सत्यशोधक. ताराबाईंचा रोख नेमका आपल्या विषयावर आहे: नवरा मेल्यावर बायकोने तोंड लपवायचे, तर बायको मेल्यावर नवऱ्यानेही दाढी-मिशा काढून अरण्यात का जाऊ नये? त्यांच्यावर टीकेची झोड उठली, जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये पाठराखण केली, आणि पुढे ते पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले. काळाने काही केले असेल तर ते पुस्तक ९३ वर्षे झाकून ठेवले.

मग करायचे काय, असे विचारले जाईल. फार काही नवे आणायचे नाही. २०१५ साली आरोग्य विभागाने 'प्रेरणा' हा शेतकरी समुपदेशन प्रकल्प विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत सुरू केला, बुलढाणा त्यात आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक २०२२ पासून आहे. याहून महत्त्वाची गोष्ट आशाताईच्या पिशवीत आहे. तिशीपुढच्या प्रत्येक माणसाची माहिती ज्या फॉर्मवर ती भरते, त्यात बायकांसाठी 'पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का' हा प्रश्न छापलेलाच आहे. कर्करोग वेळेत कळावा म्हणून तो आहे, आणि 'सुटली' म्हणणाऱ्या घरात तो कोणी विचारत नाही. सुधारित फॉर्ममध्ये मनाबद्दलचेही दोन प्रश्न आहेत: कामात रस वाटत नाही का, उदास, निराश वाटते का. मोबदला फॉर्ममागे मिळतो, बसण्यामागे नाही, म्हणून हे प्रश्न दारात उभ्याउभ्या आणि बहुधा सासूसमोर विचारले जातात, नि उत्तर 'नाही' लिहिले जाते. तेरवीनंतरच्या महिन्यात, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने आशाताईने त्या घरी अर्धा तास बसावे आणि त्या बसण्याचे पैसे तिला मिळावेत; पहिल्या खेपेला तिच्यासोबत तलाठ्याने वारस नोंदीचा अर्ज घेऊन यावे. खर्च किती येईल हे जिल्हा परिषदेला एका दुपारी काढता येईल.