चहा, बिस्किटे आणि ग्रामण्य

बी.ए.च्या वर्गात समाजशास्त्र शिकवताना ‘विचलन’ हे प्रकरण आले, की पुस्तकातले चोर-दरोडेखोर बाजूला ठेवून मी थेट गुरुवार पेठ गाठत असे. पंचहौद मिशनच्या आसपास राहणारी मुले वर्गात असायचीच. पण तिथे एकेकाळी चहावरून खटला उभा राहिला होता, हे त्यांच्या गावीही नसे.

तारीख १४ ऑक्टोबर १८९०. मिशनमधल्या व्याख्यानाचे बोलावणे गोपाळराव जोश्यांचे, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांचे. गृहस्थ विक्षिप्त, खोडी काढण्यात पटाईत. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी चहा प्याले, कुणी भिडेखातर पेला नुसता हातात घेतला. मंडळी घरी गेली. पुणे काही बुडाले नाही.

मग गोपाळरावांनी हजर मंडळींची नावे ‘पुणे वैभव’ या सनातनी वळणाच्या पत्रात छापून आणली, आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. तक्रार शंकराचार्यांकडे गेली, त्यांनी चौकशीला शास्त्री नेमले.

हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली मांडले, की विचलन कृत्यात नसते. लोक त्या कृत्याला नियम लावून माणसावर शिक्का मारतात, तेव्हा ते घडते. त्याने मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्कीकडून घेतलेले उदाहरण ट्रोब्रिअंड बेटांवरचे आहे. मावसबहिणीशी संबंध ठेवणाऱ्या तरुणाबद्दल गावाला ठाऊक होते, नापसंतीही होती, पण कुणी काही केले नव्हते. एकाने चारचौघांत आरोप केला तेव्हा त्या तरुणाने माडावरून उडी टाकून जीव दिला. चोरून चहा पिणारे पुण्यातही थोडे नसावेत. नाव छापून आले, मग मात्र शेजाऱ्याला माहीत नसल्याचे सोंग करता येईना. माझ्या मते त्या दिवशीचा खरा नियमभंग गोपाळरावांचा. पण त्याला शास्त्रात प्रायश्चित्त नव्हते!

ग्रामण्याची झळ पुरुषाच्या सभेपेक्षा त्याच्या घराला आधी लागे. मुंजीला भिक्षुक मिळत नाही, श्राद्धाला ब्राह्मण येत नाहीत, पंक्तीला बोलावणे नाही. माहेरवाशिणीला यायची चोरी. यात्रेत अडकलेल्या गाडीसारखे सारे कुटुंब जागच्या जागी थांबे. बायकांनी चहा प्यालेला नसे, तरी निस्तरावे त्यांनाच लागे.

सुटकेची वाटही नियमातच होती. टिळकांनी शास्त्राधारे वाद घातला आणि काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगून आपली बाजू राखली. ज्यांना ग्रंथ उघडून भांडता येत नव्हते, त्यांनी मुकाट्याने पंचगव्य घेऊन मोकळे व्हावे, अशी सोय. नियम मोडणाऱ्याला परत आत घेताना नियमच पुन्हा सगळ्यांसमोर उच्चारला जातो. विचलनाचा समाजाला असा उपयोग असतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ द्युरखेमने पुढे १८९५ साली लिहिले.

रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. स्वतःसाठी नव्हे, अडकलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून, असे त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींतून दिसते. सनातन्यांचे समाधान झाले. सुधारक मात्र खवळले: न्यायमूर्तींनीच माघार घ्यावी? सुधारकांच्या गोटाचाही एक नियम होता, आणि आता रानडे तिथले आरोपी ठरले. त्या गोटात तर प्रायश्चित्ताचीही सोय नव्हती.