पोथीवरचा हरताळ, अंगावरचा हरताळ

‘नियमांना हरताळ फासला’ असे आपण सहज लिहितो. हरताळ म्हणजे गंधक आणि आर्सेनिक यांचे पिवळे खनिज. हस्तलिखित पोथीत चूक झाली की लेखनिक त्यावर हरताळ फासून अक्षर झाकत. याच हरताळाने अंगावरचे केसही काढले जात.

सुश्रुतसंहितेत, चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात, कृती आहे : शंखचूर्ण २ भाग, हरताळ १ भाग, शुक्तात म्हणजे आंबवलेल्या आंबट द्रवात वाटावे. हेतू सौंदर्याचा नव्हे. केसांमुळे न भरणाऱ्या जखमेचा! वस्तरा, कात्री, चिमटा हे उपायही तेथेच सांगितले आहेत.

उस्मानी हमामखान्यांत चुना आणि हरताळ यांचा लेप ‘रुस्मा’ या नावाने चाले. चुन्याच्या संगतीत हरताळातील गंधक केसांतील केराटिनचे बंध तोडते. केस विरघळतो, पण त्वचेपाशीच. मूळ आत शाबूत राहते आणि खुंट लवकर वर येतात. वाशीच्या पार्लरमधील मेण केस मुळासकट उपटते, म्हणून गुळगुळीतपणा ३-४ आठवडे टिकतो. मात्र केस तांदळाच्या दाण्याएवढा तरी वाढलेला हवा. आखूड केस मेणाच्या पकडीत येत नाही.

हरताळ विषारी, शिवाय तो लेप त्वचाही भाजतो. आजच्या केस काढण्याच्या क्रीममध्ये तेच बंध थायोग्लायकोलेट तोडते, आर्सेनिकवाचून.