उकिरडा गेला, साली राहिल्या

आगर म्हणजे मिठागर. त्यावरूनच आम्ही आगरी. तुर्भे, सानपाडा, घणसोली या पट्ट्यात खाडीकाठी मिठागरं आणि आतल्या अंगाला भातखाचरं. त्या काळी घरात ‘कचरा’ हा शब्द क्वचितच निघायचा. भाजीची देठं, केळ्याची सालं गाईपुढे जायची, चुलीतली राख भांड्यांना लागायची, बाकी सगळं उकिरड्यावर. पावसाच्या आधी उकिरडा उपसला की त्याचंच खत शेतात.

1970 साली सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या एकूण 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी जायची होती. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईकडे आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या लढ्यातून आला. हा इतिहास सगळे सांगतात. शेतामागोमाग गोठा गेला आणि गोठ्यामागोमाग उकिरडा, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

1996 मध्ये मुंबईचा फळबाजार वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे आमच्या दारातच आला. नागपूरची संत्री, जालन्याची मोसंबी पाटीने घरी येऊ लागली. फळ खाऊन झालं की सालींचा ढीग, आणि तो टाकायला जागाच नाही. आई म्हणायची, “टाकू नको गो, पाकात घालू.”

तिची रीत सोपी. साली चोळून धुवायच्या, आतला पांढरा भाग थोडा खरवडायचा, बोटभर लांब कापून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या. सकाळी उकळून पाणी फेकायचं. असं तीनदा, म्हणजे कडवटपणा उतरतो. मग सालींच्या वजनाइतकी साखर आणि तिच्या निम्मं पाणी घालून मंद आचेवर शिजवायच्या. साल काचेसारखी दिसू लागली की पाकातून काढून जाळीवर पसरायची, दोन दिवस सावलीत वाळवून साखरेत घोळवायची. कोरड्या बरणीत महिनाभर तरी सहज टिकते. उरलेला पाक सरबताला.

यात नवं काहीच नव्हतं. मासळी मिठात टिकते, साल साखरेत. दोन्हीकडे तीच करामत: मीठ असो की साखर, ती आतलं पाणी ओढून घेते आणि पाण्यावाचून कुजवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही. मिठागरावरच्या बाईला हे शिकवावं लागलं नाही.

एका घरच्या चार सालींनी शहराचा कचरा हलका होत नाही, ते मलाही कळतं. जमीन तर परत येणारच नाही. पण भरलेली पिशवी रोज खाली नेऊन ठेवताना माझ्या मनाला आजही कसंतरी होतं. हे ‘कसंतरी होणं’ पोरांमध्ये उतरावं, म्हणून दर हिवाळ्यात मी त्यांनाच साली कापायला बसवते. अर्ध्या तर बरणीत जाण्याआधीच संपतात.