न्यायासनाचा अनुक्रम : १९७३ ते १९७८



मराठी साहित्य शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने स्मृतिव्याख्यानासाठी न्यायाधीशांच्या नेमणुकीचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना मात्र ते वाटू नये. ज्या वादातून हा सारा इतिहास उद्भवला, त्यातील एका मोठ्या खटल्याच्या शीर्षकातच या नगरीच्या राजघराण्याचे नाव आहे.

दुसरे कारण माझ्या मताचे आहे. इंग्रज ज्याला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतो, त्या वळणाचा मी माणूस आहे. या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द मिळालेला नाही. आपल्या जुन्या वृत्तपत्रांनी विलायतेतील त्या पक्षाला ‘हुजूर पक्ष’ म्हटले. ‘मजूर पक्षा’शी यमक जुळले, अर्थ मात्र निसटला. ‘पुराणमतवादी’ म्हटले की शेंडी-जानवे डोळ्यांपुढे उभे राहते. आणि १९७० च्या सुमारास ‘प्रतिगामी’ ही तर वर्णन नसून शिवीच झाली होती. मला अभिप्रेत असलेला मनुष्य इतकाच, की जो सत्ताधाऱ्याच्या सद्हेतूवर विसंबण्यापूर्वी रूढ नियमावर विसंबतो आणि चालत आलेला नियम मोडण्याआधी तो मुळात का पडला असावा, हे विचारतो. अशा माणसाने १९७३ च्या न्यायाधीश-प्रकरणाकडे कसे पाहावे, आणि त्याच्या मताची खरी कसोटी कोठे लागली, हे आज मांडावयाचे आहे.

प्रथम ग्वाल्हेरचा खटला. संस्थानिकांचे तनखे बंद करणारे घटनादुरुस्ती विधेयक १९७० च्या सप्टेंबरात लोकसभेने संमत केले. राज्यसभेत त्याच्या बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. दोन-तृतीयांशाच्या हिशेबाने ते एका मताहूनही कमी फरकाने कोसळले. संसदेने नाकारलेली ही गोष्ट सरकारने लगोलग राष्ट्रपतींच्या आदेशाने करून टाकली. सर्व संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. त्याविरुद्ध माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १५ डिसेंबर १९७० रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने नऊ विरुद्ध दोन मतांनी तो आदेश रद्द ठरविला.

त्या वेळी मी महाविद्यालयात शिकत होतो. शहरात दोन्ही बाजूंची माणसे होती आणि दोन्ही बाजू तावातावाने बोलत. राजेरजवाड्यांविषयी ममता हा येथे मुद्दा नव्हता, असे मला तेव्हाही वाटले. संस्थाने विलीन होताना राष्ट्राने एक शब्द दिला होता आणि तो राज्यघटनेत लिहिला होता. तो मागे घ्यावयाचा तर घटनेत सांगितलेल्या रीतीनेच घेतला पाहिजे, एवढेच न्यायालयाने म्हटले. पुढे १९७१ च्या निवडणुकीत प्रचंड बहुमत मिळाल्यावर सरकारने सव्विसावी घटनादुरुस्ती करून रीतसर तनखे बंद केले. त्याविषयी माझ्यासारख्या माणसाला हळहळ वाटू शकते; रीत पाळली गेली नाही, अशी तक्रार करता येत नाही.

या खटल्यात अल्पमतात राहिलेल्या दोन न्यायाधीशांपैकी एक अजितनाथ राय होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात दहा न्यायाधीश एका बाजूला आणि एकटे राय सरकारच्या बाजूला होते. त्यांच्या विद्वत्तेवर वा प्रामाणिकपणावर मला शिंतोडा उडवावयाचा नाही. एकट्याने उभे राहण्यास धैर्य लागतेच. परंतु हा ताळा सरकारच्या ध्यानात आला नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

मग केशवानंद भारती खटला आला. केरळातील एका मठाधिपतींच्या जमिनीपासून निघालेला हा वाद संसदेला घटना कोठवर बदलता येते, या मूलभूत प्रश्नापर्यंत पोहोचला. तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवसांची सुनावणी, घटनादुरुस्त्यांना आव्हान देणाऱ्यांच्या बाजूने नानी पालखीवाला. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निर्णय झाला, की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, परंतु तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. सहांच्या अल्पमतात राय होते, तसेच आपले दोन मराठी न्यायाधीश, पालेकर आणि यशवंतराव चंद्रचूड, हेही होते. चंद्रचूडांचे नाव लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी सरन्यायाधीश सिक्री निवृत्त झाले. त्यांच्यानंतर अनुक्रमाने शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर हे तिघे होते. तिघेही बहुमतातले. त्या संध्याकाळी आकाशवाणीवरून देशाला कळले, की या तिघांना डावलून चौथ्या क्रमांकावरील राय सरन्यायाधीश होणार. तिघांनीही राजीनामे दिले. शेलत यांना तर निवृत्तीस जेमतेम तीन महिने उरले होते. तेवढीही कळ सरकारला काढवली नाही.

सरकारची बाजू लोकसभेत समर्थपणे मांडली ती पोलादमंत्री मोहन कुमारमंगलम् यांनी. ते स्वतः नामांकित कायदेपंडित होते, आणि त्यांचे प्रतिपादन आजही वाचण्यासारखे आहे, कारण त्यांनी काहीच लपवले नाही. ज्येष्ठता हा घटनेचा नियम नाही, नुसती वहिवाट आहे. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगानेच १९५८ मध्ये केवळ ज्येष्ठतेवर सरन्यायाधीश नेमू नये असे म्हटले होते. आणि सर्वोच्च न्यायासनावर बसणाऱ्याचे जीवनविषयक तत्त्वज्ञान काय, हे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पहिले दोन मुद्दे खरे होते. १९६४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने न्या. इमाम यांना वगळून आपले गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले, तेव्हा कोणी आक्रोश केला नव्हता. स्वतः सेटलवाड मात्र १९७३ च्या या कृतीच्या विरोधात उभे राहिले. आयोगाला योग्यता पाहावयास हवी होती, मत नव्हे.

तिसऱ्या मुद्द्याच्या समर्थनार्थ अमेरिकेचा दाखला तेव्हाही दिला गेला. तेथे राष्ट्राध्यक्ष मत पाहूनच न्यायाधीश निवडतो, हे खरे. पण तेथील पुढचा इतिहासही पाहावा. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क या स्थितिवादी न्यायाधीशाला सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारले, ते मुख्यतः त्याच्या मतांसाठी. स्थितिवाद्यांना ते झोंबले. २०१६ मध्ये ओबामांच्या उमेदवाराची त्यांनी निवडणूक जवळ आल्याचे सांगून सुनावणीच होऊ दिली नाही. आणि २०२० मध्ये निवडणूक आठवड्यावर आलेली असताना स्वतःच्या न्यायाधीशाला आसनावर बसविले. माझ्या मताची माणसे असा हिशेब करू लागली, की मला त्यांचे आणि माझे एकच नाव असल्याचा संकोच वाटतो.

स्थितिवादी माणसाचे उत्तर विद्वत्तेचे नाही, व्यवहाराचे आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे सर्वांत मोठा पक्षकार सरकार असते. पंच कोणत्या बाजूला झुकतो हे पाहून एका पक्षकाराने त्याला बढती दिली, तर तो पंच कितीही निःस्पृह असो, बाकीचे न्यायाधीश आपला क्रमांक मोजू लागतात. ज्येष्ठतेचा नियम ठोकळ आहे, कधी सामान्य माणसालाही वर चढवतो. पण त्यात कोणाची मर्जी चालत नाही, म्हणून कोणाची मर्जी राखावी लागत नाही.

हा युक्तिवाद करणाऱ्यांचा स्वतःचा कागद कोरा होता काय? नव्हता. सरन्यायाधीश सुब्बाराव यांनी फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निर्णय दिला आणि एप्रिलमध्ये पद सोडून ते विरोधकांचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार झाले. त्यांच्या पाठीशी स्वतंत्र पक्ष होता, जनसंघही होता. न्यायासनाच्या पावित्र्याविषयी १९७३ मध्ये तळमळीने बोलणाऱ्या किती जणांना सहा वर्षांपूर्वी त्याची आठवण झाली होती? हेगडे तर न्यायाधीश होण्यापूर्वी काँग्रेसचे राज्यसभा-सदस्य होते आणि १९७७ मध्ये जनता पक्षाचे खासदार व लोकसभेचे सभापती झाले. कुमारमंगलम् ही सारी टीका ऐकण्यास फार दिवस राहिले नाहीत. मे १९७३ च्या अखेरीस विमान-अपघातात ते गेले.

आणीबाणीतील इतिहास आपणांस ठाऊक आहे, म्हणून त्यातील एकच निर्णय सांगतो. बंदिवानाला उच्च न्यायालयात दाद मागता येते काय, हा प्रश्न आपल्याच प्रदेशातील जबलपूरच्या नावाने गाजला. मध्य प्रदेशासह नऊ उच्च न्यायालयांनी बंदिवानांच्या बाजूने कौल दिला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो फिरविला. चौघे म्हणजे राय, बेग, चंद्रचूड आणि भगवती. एकटे विरोधात न्या. हंसराज खन्ना. पुढच्या जानेवारीत राय निवृत्त झाले, तेव्हा ज्येष्ठ खन्ना होते. सरन्यायाधीश झाले बेग. खन्नांनीही राजीनामा दिला.

येथपर्यंतचा इतिहास सर्वजण सांगतात. माझ्या दृष्टीने त्याचे मर्म पुढच्या वर्षात आहे. मार्च १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये बेग निवृत्त होणार होते. अनुक्रमाने पाळी चंद्रचूडांची, त्यांच्यानंतर भगवतींची. जबलपूर खटल्यात चुकलेल्या न्यायाधीशांना सरन्यायाधीश करू नये, अशी मागणी पुढे आली. मुंबईतील नामवंत वकिलांनी तसे निवेदनच काढले. मागणी करणारी माणसे सत्तालोभी नव्हती; त्यांतील कित्येकांनी आणीबाणीत निर्भयपणे बंदिवानांची वकिली केली होती. सरकारात तर बंदिवासातून आलेलेच लोक होते. पंतप्रधान मोरारजी देसाई तुरुंगातून आले होते. ग्वाल्हेरात जन्मलेले वाजपेयी आणि त्यांचे सहकारी अडवाणी यांना बंगळुरात अटक झाली होती, त्यांचे अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयापुढे होते, आणि जबलपूर-निर्णयानंतर अशा अर्जांत काही अर्थच उरला नव्हता. ज्याने आपल्याला न्यायालयाचे दार बंद केले, त्यालाच त्या न्यायालयाचा प्रमुख करावयाचे काय? सूडाला याहून सभ्य निमित्त क्वचितच मिळते.

२२ फेब्रुवारी १९७८ रोजी चंद्रचूड सरन्यायाधीश झाले. अनुक्रम मोडला नाही.

मोरारजींविषयी मराठी माणसाच्या मनात १९५६ ची कडवट आठवण आहे आणि ती पुसून टाका असे मी म्हणणार नाही. पण हा हट्टी, जुन्या वळणाचा गृहस्थ त्या वेळी पंतप्रधान होता, हे देशाचे भाग्य. मत पाहून डावलणे १९७३ मध्ये वाईट असेल, तर १९७८ मध्ये ते चांगले कसे होईल? आपले मत बरोबर आणि त्यांचे चूक, या उत्तरावर तर कुमारमंगलम् यांचीही इमारत उभी होती.

चंद्रचूड सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश राहिले. इतकी दीर्घ कारकीर्द आजवर दुसऱ्या कोणाची नाही. इंदिराजी १९८० च्या जानेवारीत पुन्हा सत्तेवर आल्या, आणि त्याच वर्षी मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात, पुन्हा पालखीवालांच्याच युक्तिवादानंतर, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतील अमर्याद अधिकार देणारे कलम रद्द झाले. बहुमताचा निर्णय चंद्रचूडांनी लिहिला. केशवानंद खटल्यात अल्पमतात बसलेल्या न्यायाधीशाने मूळ ढाच्याचे तत्त्व अशा रीतीने भक्कम केले. त्यांच्या जागी दुसरा असता तर काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. एवढे मात्र दिसते, की न्यायाधीशाचे तत्त्वज्ञान आधीच ओळखून त्याला वर चढवू वा खाली ठेवू पाहणाऱ्यांचा अंदाज त्यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंना चुकला असता. जबलपूरचा निर्णय पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मोडीत काढला. तो लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय होते.

१९७७ नंतर सरन्यायाधीशपदी अनुक्रम मोडून नेमणूक झालेली नाही. मात्र अनुक्रम उपयोगी पडतो तो न्यायालयात पोहोचल्यानंतर. मुळात न्यायालयात कोणाला घ्यावे, तेथे निवड अटळ आहे. १९९३ पासून ती निवड न्यायाधीशांच्या हाती गेली. २०१४ मध्ये संसदेने त्यासाठी आयोग निर्माण केला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. माझ्या मताचे बहुतेक मित्र त्या आयोगाच्या बाजूचे होते. मी नव्हतो, कारण आयोगातील कोणत्याही दोन सदस्यांना दिलेला नकाराधिकार उद्या कोणाच्या हाती असेल, हे आज ठरत नसते. परंतु न्यायाधीशांनी बंद दाराआड न्यायाधीश निवडावेत, ही रीतही मला पटत नाही. या दालनात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत वकिली करणारे बरेच आहेत. बंद दाराआडही नसेल आणि सरकारच्या मर्जीवरही नसेल, असा नियम त्यांनी सुचवावा; तो ऐकण्यासाठी मी पुढच्या वर्षी श्रोत्यांत बसेन.