स्टाउट, सातू आणि कहवा

काळीभोर ‘स्टाउट’ बीअर पहिल्या घोटाला कडूच लागते; मग जिभेवर करपट गोडवा रेंगाळतो. वास थेट कॉफीचा. पण पुष्कळदा तिच्यात कॉफीचा दाणाही नसतो! काळा पडेस्तोवर भाजलेल्या सातूची ती किमया. ‘स्टाउट’ म्हणजे मुळात गर्विष्ठ, धीट. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला नि कडक बीअरला चिकटला. काळा रंग नंतरचा.

आपला ‘सातू’ संस्कृत ‘सक्तु’पासूनचा. सक्तु म्हणजे भाजून दळलेलं धान्य. मराठीत पीठही सातू आणि जवही सातूच. सातारा-सांगलीकडे उन्हाळ्यात गूळपाण्यात कालवतात ते सातूचं पीठ आता बहुधा गहू नि डाळ्याचं असतं. नाव उरलं, सातू गेला. (साताऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही, उगाच जोडू नका.)

खरी गंमत कॉफीची. तिचं मूळ अरबी ‘कहवा’, आणि जुन्या अरबी कवितेत कहवा म्हणजे चक्क मद्य! भूक मारणारं पेय, अशी त्याची फोड अरबी कोशकार करतात. तेव्हा बीअरला कॉफीचा वास म्हणून कुणी नाक मुरडलंच, तर त्याला सांगा, हे नाव आधी दारूचंच होतं.