खालची टाकी

रविवारी पहाटे साडेपाचला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू, हातात ओलं फडकं. "अरे, आमच्या हॉलच्या छतातून टपटप चाललंय, तुझ्याकडे नळ राहिला का उघडा?" नळ बंद होता. हॉलमधला दिवा लावला आणि पायाखाली थंडगार लागलं.

घरच्या मंडळींना बाबांची चार फुटी काचेची टाकी माहीतच आहे. बाबा गेल्यानंतर ती माझ्याकडे आली, त्यातल्या चौदा वर्षांच्या सकर माशासकट. मी हौसेने तिच्याखाली सम्प बसवला (कामगारांचा संप नव्हे, गाळणीची टाकी). पण बाबांच्या टाकीला भोक नाही. मग वरचं पाणी खाली यायचं कसं? काठावर अडकवायच्या ओव्हरफ्लो बॉक्समधून. तोच रात्री कधीतरी थांबला, आणि खालचा पंप मात्र इमानदारीने पाणी वर ढकलत राहिला.

आई म्हणाली, "विकून टाक ती." ती असं म्हणते तेव्हा तिला टाकी विकायची नसते, पण काकूंना तोंड दाखवायची लाज तिलाच जास्त वाटते. म्हणून फरशी पुसून झाल्यावर नवा बॉक्स शोधायला बसलो आणि शोधता शोधता दीडशे वर्षं मागे गेलो. (माझं हे नेहमीचंच.)

तर गोष्ट सुरू होते एका मोलकरणीपासून. 1846 साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र लांब, पाणी मोजकं. ते शिळं होऊ नये म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची. प्रवाळ जगले. बाईंचं नाव इतिहासात आहे, हात दुखले ते मोलकरणीचे. तिचं नाव मला कुठे सापडलं नाही. माझ्या मते आपल्या सगळ्यांच्या टाक्यांमधला पहिला पंप तीच.

पुढे 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता टाकी कशी टिकते ते लिहून काढलं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. पण मोठ्या टाक्यांचं पाणी गढूळ व्हायचं ते व्हायचंच.

त्यावर तोडगा काढला विल्यम अल्फर्ड लॉइडने. मूळचा पुस्तकबांधणी करणारा माणूस, नाद लागला म्हणून मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान काढलं आणि त्यात दिवाळं काढलं. (घरच्यांनी हे वाक्य वाचू नये.) पण डोकं जबरदस्त. 1864 चं हॅम्बुर्गचं मत्स्यालय त्याने उभं केलं आणि 1871 चं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचंही. त्याची कल्पना साधी होती: दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली, अंधारात, त्यांच्या कितीतरी पट मोठा हौद ठेवायचा आणि पाणी सतत खालून वर, वरून खाली फिरवायचं. अंधारात शेवाळ माजत नाही, पाणी थंड राहतं, आणि वर एखादा मासा मेला तरी एवढ्या पाण्यात घाण विरून जाते. खारं पाणी धातू खातं म्हणून पंप कडक रबराचे. म्हणजे माझ्या कपाटाखालचा सम्प ही लॉइडचीच कल्पना, फक्त आकाराने उंदराएवढी.

घरगुती टाकीखाली ही कल्पना यायला मात्र शंभरावर वर्षं गेली. 1986 साली जॉर्ज स्मिट यांनी एका अमेरिकन मासिकात हॉलंडच्या पद्धतीच्या गाळणीवर लेखमाला लिहिली आणि तिथल्या हौशी लोकांना सम्प हवासा झाला. घरात टाक्या आधीच भरलेल्या, भोक नसलेल्या. आणि कडक केलेल्या काचेला भोक पाडायला गेलं तर तिचा चुराच होतो. मग काठावरून पाणी उतरवणारा सायफन आला.

सायफन आपल्याला काही नवा नाही. आजीकडचा पितळी वासुदेव प्याला आठवतोय? पाणी कृष्णाच्या पायाला लागलं की प्याला आपोआप रिकामा व्हायचा. मूर्तीच्या पोटात वाकडी नळी, दुसरं काय! पण तो प्याला सगळाच रिकामा होतो. टाकीत नुसती नळी सोडली तर तेच होईल. म्हणून ओव्हरफ्लोच्या आतल्या डब्याला वर दाते असतात. पाणी दातांच्या खाली गेलं की नळीला मिळणं बंद. उलट्या यू आकाराच्या नळीची दोन्ही टोकं दोन डब्यांत बुडालेली राहतात, म्हणून वीज गेली तरी नळी भरलेली असते आणि वीज आल्यावर सायफन स्वतःहून चालू होतो. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं.

मग माझा का थांबला? मी "असू दे जास्तीची" म्हणून जाड नळी घेतली होती. जाड नळीत पाणी सावकाश चालतं, बुडबुडे वाहून न जाता वळणावर साठतात आणि एक दिवस तिथे हवाच उरते. नळी पंपाच्या मापाची, बेताची बारीक हवी. दुसरा प्रकार छोट्या पंपाने ती हवा सतत ओढून घेणारा, पण तो पंप तुंबला तर? मी साधी यू नळीच निवडली.

आणि हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. टाकी 122 बाय 46 सेंटीमीटर, काठाशी जागा दोन सेंटीमीटर, म्हणजे साधारण 11 लिटर. सम्पच्या शेवटच्या कप्प्यात, जिथून पंप उचलतो, तिथे होतं 30 लिटर. उरलेलं 19 लिटर काकूंच्या छतात. आता आडवी काच लावून तो कप्पा आठ लिटरचा केलाय. सायफन तुटला तरी पंप आठ लिटर वर ढकलून कोरडा पडेल. पंप जळेल कदाचित. जळू दे. पाणी उडून जातं म्हणून दर दोन दिवसांनी हाताने भर घालावी लागते.

काल संध्याकाळी काकूंना मुद्दाम वर बोलावलं आणि त्यांच्यासमोर नळीत हवा सोडून सायफन तोडला. पाणी चढत चढत काठाखाली बोटभर येऊन थांबलं. सकर मासा काचेला चिकटून होता. काकूंनी चहा संपेपर्यंत वाट पाहिली, मग वाकून फरशीवरून हात फिरवला.

"कोरडी आहे," म्हणाल्या. "रंगाचे पैसे मात्र तू द्यायचेस."